दाराचं माप

येळवसेला, म्हंजे मार्गशीर्षाच्या आवसेला, आमच्या माकणीत घरटी एक कोप होते. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून शेंडे बांधायचे, दाराला हिरव्या ज्वारीची कणसं आन् झेंडू लावायचे, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. कोप बांधायचं काम आमच्या मालकांचं, त्यात ते कुणाचं ऐकत न्हाईत.

आमच्या कोपीचं दार शिवांजलीच्या मापाचं. दरसाल लेक ताठ उभी राहायची आन् हे तिच्या डोक्यावर चार बोटं धरून पेंढी बांधायचे. मग ती आत पांडवांशेजारी बसून भज्जी खायची.

भादव्यात ती तापानं गेली.

औंदा सण करायचाच न्हवता, पण सासूबाई म्हणल्या, रान उपाशी ठेवू नये. "मग लहान कोप करा, दगडांपुरती," मी ह्यांना चारदा बजावलं.

दुपारी आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात गेले, तर ही एवढी मोठी कोप. दार गेल्या सालापेक्षाही उंच. माझं डोकं फिरलं.

"एवढं उंच दार कुणासाठी केलंत?"

ते कणसं खोचत होते. मागं न बघताच म्हणले, "वर्षभरात वाढली नसंल का ती?"

आन् हात तिथंच थांबला. मग दाराच्या पेंढीचा दोर कापायला त्यांनी विळा उचलला.

म्या बिंदगं खाली ठेवलं आन् विळा काढून घेतला.

"राहू द्या," म्हणलं. "एवढीच झाली असती."