रॉकेट-विमानाचं कपाळ

विमानाच्या नाकावरची टोपी शेवटच्या मिनिटापर्यंत काढू नका, असं कॉलेजातल्या उदयसिंह सरांनी कोल्हापुरातून निघतानाच बजावलं होतं. "सर, दीड वर्षाचं पोर सांभाळते मी, टोपीचं काय घेऊन बसलात," म्हणत संयोगितानं ते हसण्यावारी नेलं होतं. आणि आता, मलकापूरच्या पुढच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, काखेत यशराज आणि हातात रिमोट असताना तिनं ती टोपी दातांनी ओढून काढली, गवतात टाकली आणि लगेच पायाखाली घेतली. पोरानं उचलून तोंडात घालू नये म्हणून.

समोर तिरक्या रुळावर विमान उभं होतं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरुषभर लांब, पांढरं, पोटात बोटभर जाडीची रॉकेटची नळी. कॉलेजच्या पोरापोरींनी दोन वर्षं खपून उभं केलेलं. रॉकेट काही सेकंद जळणार, मग विझणार आणि पुढं नुसते पंख. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिक असली विमानं उडवायचे. इंधन बघता बघता संपायचं, आणि मग उतरायला एकच संधी; चुकलं तर दुसरी फेरी मारायला जोरच शिल्लक नसायचा. संयोगिता हे वर्गात शिकवायची. बाळंतपणात, पोराला पाजताना, चित्रदुर्गजवळ इस्रोनं पंखांचं यान वरून सोडून धावपट्टीवर उतरवल्याचा व्हिडिओ तिनं आवाज बंद करून कितीदा तरी बघितला होता.

आज हे विमान धड उतरलं, तर कॉलेज मोठं विमान बांधायला देणार होतं. तुटलं, तर पोरांचा गट बंद आणि कामाच्या खोलीला कुलूप. प्राचार्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"गडमुडशिंगीत आपल्या घरावरनं रोज इमान जातंय," सासूबाई, धोंडुबाई, जीपमधून उतरत म्हणाल्या. यशराज आईवाचून राहत नाही म्हणून त्या त्याला धरायला सोबत आल्या होत्या. "तितं उडवायचं सोडून एवढ्या लांब कशाला मरायला आलायसा?"

"तिथं खरी विमानं उतरतात, आत्या. म्हणूनच."

"मग हे काय खोटं हाय?"

लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली दानेश्वरी फसकन हसली. ती गडहिंग्लजची, शेवटच्या वर्षाची, विमानाचे आकडे वाचायचं काम तिच्याकडे.

धोंडुबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात ओलं कुंकू होतं, हळद होती, चार अक्षता. घरात ट्रॅक्टर आला तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं, आणि मोटारसायकल आली तेव्हाही.

"आत्या, राहू द्या की आता."

"रिकाम्या कपाळानं जाऊ देतीस व्हय गं त्याला?"

संयोगिताला नाही म्हणवेना. ती स्वतः पोराच्या नाकाखाली रात्री बोट धरून श्वास बघणारी, द्राक्षाच्या चार फोडी करून भरवणारी. पर्समध्ये तापमापक घेऊन फिरणारी. कुणी आपल्या परीनं काळजी घेत असेल, तर तिला अडवणं तिला जमत नसे. धोंडुबाईंनी अंगठ्यानं विमानाच्या अगदी टोकाला कुंकू दाबून लावलं. विमानाला कपाळ कुठलं; जे पुढं आलेलं दिसलं त्याला लावलं. मग त्यांनी यशराजला कडेवर घेतलं आणि जीपमागं जाऊन उभ्या राहिल्या.

उदयसिंह सरांनी हात वर केला. दानेश्वरीनं बटण दाबलं.

रुळाखाली पांढरा लोट उसळला आणि आवाज छातीवर येऊन आदळला. विमान सुटलं. आधी तिरकं, मग उभंच, आणि धुराची रेघ निळ्या आभाळात वर वर चढत गेली. मग रेघ तुटली. रॉकेट विझलं होतं.

"उंची मस्त हाय, मॅडम," दानेश्वरी म्हणाली. आणि लगेच तिचा सूर बदलला. "वेग शून्य दाखवतंय. मॅडम, शून्यच."

"असं कसं?"

वर, धुराच्या टोकाशी, विमानानं नाक खाली घातलं. आतल्या संगणकाला वाटत होतं की आपण हवेत थांबलोय, पडणार. म्हणून वेग घ्यायला तो विमान जमिनीकडं लोटत होता. वेग मोजणारी नळी नाकाच्या टोकाला होती. टोपी होती ती तिच्यावरच.

"नळी बंद झालीय," सर म्हणाले. "संगणक बंद करा. हातानं घ्या."

संयोगितानं खटका ओढला. आता ते विमान तिचं होतं, आकड्यांशिवाय. तिनं नाक हळूच वर घेतलं, जास्त नाही. पंखांवरून वाऱ्याची शीळ येत होती. शीळ मंदावली की वेग कमी, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं मोठं वळण घेतलं. वारा कोकणाच्या अंगाला वाहत होता, आणि सड्याची कड त्याच बाजूला होती. आखूड पडलं तर विमान दरीत.

"मॅडम, आता वळवा," दानेश्वरी म्हणाली.

"थांब."

"मॅडम, लई लांब जातंय."

"थांब म्हटलं की गं."

संयोगितानं वळवलं नाही. विमान कडेपलीकडं गेलं, नुसत्या हवेवर, खाली शे-दोनशे फूट मोकळं. मग तिनं त्याला वाऱ्यावर तोंड करून आणलं. ते कडेवरून आत आलं, माणसाच्या डोक्याइतकं खाली, पिवळ्या गवताला पोट घासत गेलं, जरासं डुललं आणि थांबलं. पंख सरळ. काही तुटलं नाही.

"नाद खुळा, मॅडम," दानेश्वरी लॅपटॉप टाकून पळाली. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. संयोगितानं रिमोट खाली ठेवला. आणि मग तिच्या लक्षात आलं, एवढ्या वेळात आपण यशराजकडं एकदाही वळून बघितलं नाही. तिनं वळून पाहिलं. तो आजीच्या खांद्यावर गाढ झोपला होता, तोंड उघडं टाकून.

"कुंकू हाय की नळीत," दानेश्वरी लांबूनच ओरडली. "मॅडम, कुंकू अडकलंय."

संयोगिता काही म्हणायच्या आत धोंडुबाईंनी ते ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर सगळे गाणी म्हणत होते. धोंडुबाई खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या.

"घालवलंच असतं की म्या," त्या शेवटी हळूच म्हणाल्या.

"टोपी मी काढली, आत्या. सरांनी सांगितलं होतं, तरी काढली."

"तू काढलीस, म्या बुजवलं."

कॉलेजनं मोठं विमान बांधायला दिलं. दुपटीनं लांब, आणि वेग मोजायच्या नळ्या दोन. आज त्याच सड्यावर ते रुळावर चढलंय आणि मलकापुरातून माणसं बघायला आलीत. धोंडुबाई आल्यात, पण जीपच्या पलीकडं उभ्या आहेत. तिकडून आभाळसुद्धा नीट दिसत नाही. संयोगितानं हाक मारली, दोनदा मारली. "पोरगं झोपलंय," एवढंच उत्तर आलं. पोरगं तर उदयसिंह सरांच्या बुटांच्या लेसशी खेळतंय.

सरांनी हात वर केला आहे. संयोगिताचे डोळे विमानावर आहेत, अंगठे रिमोटच्या काड्यांवर. मान न वळवता ती मागं उभ्या असलेल्या सगळ्यांना म्हणते,

"पावणं, माझे दोन्ही हात अडकलेत. तुम्ही तरी जरा जीपमागं जाऊन बघा. आमच्या आत्या एकट्या उभ्या असतील. त्यांना पुढं घेऊन या."