समोर एकटाच

येल्मरच्या पायात चेंडू आला की त्याच्या हुलकावण्यांच्या धाकाने प्रतिस्पर्ध्यांचे दोघे त्याच्या अंगावर धावून येत. ट्रेनर हूकस्ट्रांनी त्या धाकाचंच गणित मांडलं होतं. दोघं तुझ्याकडे आले म्हणजे आपला एक जण मोकळा झाला, म्हणून चेंडू मागे द्यायचा, हुलकावण्या बंद. तीन वर्षं येल्मरने तेच केलं आणि संघ जिंकत गेला.

त्या शनिवारी ग्रोनिंगनच्या मैदानात मात्र समोर त्यांचा बचावपटू ब्राम एकटाच आला, थोराड आणि सावकाश वळणारा.

"दुसरा कुठाय?" येल्मरने विचारलं.

"तुला कशाला दोन लागतात, राजा? आम्हीपण तुमच्या सामन्यांचे व्हिडिओ बघतो. तू हल्ली कुणाला चुकवून जातोस कुठे?"

प्रेक्षक उभे राहिले. "घाल की रे आत!" कोणीतरी ओरडलं. डावा खांदा पाडायचा आणि उजवीकडून निघायचं, एवढंच काम होतं. येल्मरला ते स्पष्ट दिसत होतं. चेंडू मात्र मागे गेला, अगदी नीट, सहकाऱ्याच्या पायात. पुढच्या दोन्ही वेळी तेच झालं. प्रेक्षक खाली बसले.

मध्यंतरात हूकस्ट्रा भडकले. "अरे, एकच माणूस होता! का गेला नाहीस त्याला चुकवून?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात, ट्रेनर."

"दोघं असताना! आता एकालाही तुझी भीती उरली नाही. बस बाहेर. मेनो, तू तयार हो."

आपल्याला राग येईल, असं येल्मरला वाटलं. तो थोडा वेळ थांबला, पण राग आला नाही. मग त्याने चहा घेतला आणि मेनोला बूट बांधायला बाकावर जागा करून दिली.