निळ्या पाण्यातली बाई

तरन्नुमला वाद घालायला आवडायचं आणि तो जिंकायला त्याहून जास्त आवडायचं. नाशिकच्या कोर्टात वकिली सुरू करून तिला फार वर्षं झाली नव्हती, पण समोरचा वकील कुठे अडखळणार हे तिला त्याने घसा खाकरला की कळायचं. ही सगळी हुशारी रविवारी मात्र ती दुसऱ्याच कामाला लावायची. ते काम म्हणजे 'शून्यगाव'.

'शून्यगाव' ही मालिका सुरू झाली तेव्हा तरन्नुम शाळेत होती आणि अजूनही ती संपायचं नाव घेत नव्हती. एक अख्खं गाव मावेल एवढं यान, त्यात पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं, त्यांची ग्रामसभा, त्यांचे पाण्यावरून तंटे, आणि दर भागात खिडकीबाहेर एक नवा ग्रह. आधी ती टीव्हीवर लागायची, आता मोबाईलवर येते. नाशिकमधले मालिकेचे चाहते गंगापूर रोडवर वेदिकाच्या कॅफेत जमायचे. वेदिका तरन्नुमची कॉलेजची मैत्रीण. वर्षातून एकदा मोठी बैठक भरायची आणि तिचा विषय ठरलेला असायचा: आजवरचा सगळ्यात टुकार भाग कोणता? चांगल्या भागांवर कुणी बोलायचंच नाही, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं आणि एकमतात कसली आलीय मजा.

या वेळी दोन भाग समोरासमोर होते. संतोषदादा 'सासरचा ग्रह' या भागाला टुकार ठरवणार होते. ते सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर. मालिकेच्या पहिल्या दिवसापासूनचे प्रेक्षक, आवाज खणखणीत, आणि गेल्या दोन्ही बैठका त्यांनीच मारलेल्या. त्यांच्यासमोर तरन्नुमने स्वतःहून निवडला होता 'निळं पाणी'.

त्या भागाचं शूटिंग गंगापूर धरणाच्या पलीकडच्या खडकाळ माळावर झालं होतं, म्हणून नाशिककरांचा त्याच्यावर विशेष राग. यान एका ग्रहावर उतरतं, तिथे एक निळं तळं असतं आणि तळ्याकाठी निळी माणसं. एवढीच गोष्ट, आणि तीही धड सांगितलेली नाही. या भागातली एक निळी बाई चाहत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भलतीच प्रसिद्ध होती. तोंड आ वासलेली, डोळे बाहेर आलेले. कुणी काही बावळटासारखं बोललं की लगेच त्या बाईचं स्टिकर यायचं.

ती बाई म्हणजे तरन्नुमची अम्मी होती, हे ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं.

अम्मीचं, म्हणजे बेगमचं, शिवणकाम इंदिरानगरात सगळ्यांना ठाऊक होतं. शूटिंगवाल्यांचे निळे अंगरखे ऐनवेळी उसवले, तेव्हा कुणीतरी तिचं नाव सांगितलं. ती मशीन घेऊन माळावर गेली. तिथे एक बाई आलीच नाही म्हणून त्यांनी हिलाच रंग फासून उभं केलं. तरन्नुमची तेव्हा दहावीची परीक्षा होती, म्हणून ती बरोबर गेली नव्हती. अम्मी घरी आली तेव्हा कानामागे निळा रंग होता आणि तो पुढे कितीतरी दिवस गेला नव्हता. मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या आणि ती हसून टाळायची.

स्टिकर पहिल्यांदा आलं तेव्हा तरन्नुम चिडून ग्रुप सोडायला निघाली होती. अम्मीनेच अडवलं. "मी ओळखू येते का त्याच्यात? नाही ना? मग हसू दे की."

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी अम्मी मशीनवर बसलेली असताना तरन्नुमने तिला सगळं सांगून टाकलं. घरात त्यांचं बोलणं हिंदीतच चालायचं, पण अम्मी रंगात आली की मराठीत शिरायची.

"मी उद्या 'निळं पाणी'ला सगळ्यात टुकार ठरवणार आहे."

"बेकारच आहे तो," अम्मी दोरा ओवत म्हणाली. "आजवर कोणी ठरवला कसा नाही?"

"तुला वाईट वाटेल का, एवढंच विचारायचं होतं."

"खोटं बोललीस तर वाटेल." दोरा सुईत गेला. "किती वाजता आहे? मी पण येते. तुझं कोर्टातलं बोलणं कधी ऐकायला मिळत नाही."

तरन्नुम निर्धास्त झाली. तिची तयारी चोख होती. दुसऱ्या दिवशी दोघी कॅफेत शिरल्या आणि तिचा पाय दारातच थबकला.

वेदिकाने सजावट केली होती. दाराशेजारी माणसाच्या उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा होता. आ वासलेली निळी बाई. पोरंपोरी तिच्या खांद्यावर हात टाकून, तिच्यासारखंच तोंड उघडून फोटो काढत होती. हशा पिकत होता.

अम्मी पुतळ्यासमोर उभी राहिली. तिने तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. अंगरख्याच्या बाहीपाशी तिची नजर जरा रेंगाळली. मग ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. तिच्या चेहऱ्यावरून तरन्नुमला काहीच कळेना. समोरच्या वकिलाचं मन ओळखणाऱ्या पोरीला स्वतःच्या आईचं ओळखता येईना.

"काकूंना चहा देऊ ना?" वेदिका उत्साहाने म्हणाली. "आणि पुतळा कसा वाटला? माझी आयडिया."

"नंतर सांगते," तरन्नुम म्हणाली.

वेळ झाली होती. मागे फिरायचा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तिथेच झटकला. ती उठली आणि बोलायला लागली.

पहिल्या दोन वाक्यांत तिचा आवाज लागला. "या भागात पहिली दहा मिनिटं सगळे हेल्मेट घालून फिरतात, कारण ग्रहावर हवा नाही. मान्य. मग हवा नसलेल्या जागी तळं राहील कसं? पाणी उकळून उडून गेलं असतं. बरं, तेही सोडून देऊ. पुढे कप्तानबाई हेल्मेट काढतात, ओंजळीने ते पाणी पितात आणि म्हणतात, गोड आहे! ज्यांनी सहा भाग आधी यानावरचा टोमॅटोसुद्धा तपासल्याशिवाय खाल्ला नव्हता!"

लोक हसले. तिने हसू ओसरू दिलं.

"पण विज्ञान चुकलं म्हणून मी त्याला टुकार म्हणत नाही. विज्ञान आपल्या आवडत्या भागांतही चुकतं. माझा राग वेगळा आहे. 'शून्यगाव' आपल्याला का आवडतं? कारण यानातली माणसं कुठेही उतरली तरी आधी विचारतात, तुम्ही कोण? इथे कुणी विचारतच नाही. निळ्या माणसांना नाव नाही, भाषा नाही. यानातले लोक येतात, पाणी भरतात, त्यांची दोन पोरं 'शिकवायला' उचलून नेतात आणि भाग संपतो. पुढे त्या पोरांचं काय झालं, ते अख्ख्या मालिकेत कुणी सांगितलेलं नाही."

टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. तरन्नुम खाली बसली तेव्हा तिला खात्री होती की अर्धी बैठक तिच्या बाजूला आली आहे.

संतोषदादा उठले. त्यांनी 'सासरचा ग्रह'ची सालटी काढली: ते अंतराळातलं लग्न, ती यंत्रमानवाची वरात, ते न संपणारं गाणं. लोक खुर्च्यांत वाकून हसत होते. मग ते पुतळ्याकडे वळले.

"आता आमच्या वकीलबाईंचं म्हणणं. 'निळं पाणी' वाईट आहे, कबूल. पण त्यात ही आहे!" त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर थाप मारली. "मराठी पडद्यावरचा सगळ्यात भयानक अभिनय. बाईला तोंड उघड म्हणून सांगितलं आणि बंद कर म्हणायला विसरले! अहो, ज्या भागाने आपल्याला एवढं हसवलं तो सगळ्यात टुकार कसा? 'सासरचा ग्रह' तर धड हसूही देत नाही."

कॅफे हशाने दणाणून गेला. तरन्नुमने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. उत्तराची पाळी तिची होती, आणि ती उठली तेव्हा तयारी करून आणलेलं सगळं तिने बाजूला ठेवलं होतं.

"संतोषदादांचा मुद्दा मी खोडून काढते," ती म्हणाली. "त्या भागात एकच गोष्ट टुकार नाही. ती ही बाई. वेदिका, तो सीन लाव. स्टिकर नको, अख्खा सीन."

वेदिकाने पडद्यावर सीन लावला. यानातले लोक दोन निळ्या पोरांना हाताला धरून नेतात. गर्दीतून एक बाई पुढे धावते. दगडाला ठेचकाळते, सावरते, हात पुढे करते. तोंड उघडतं. आणि त्या उघड्या तोंडातून सापासारखा एक फूत्कार येतो. सीन संपतो.

"पुन्हा लाव. आवाज बंद करून."

आवाजाशिवाय ती बाई धावली, ठेचकाळली, हात पुढे केला. या वेळी कुणी हसलं नाही.

"ती किंचाळत नाहीये," तरन्नुम म्हणाली. "ती हाक मारतेय. ओठ बघा. तिचं पोर चाललंय आणि ती त्याला बोलावतेय. तिचा आवाज काढून टाकून तिथे साप घातला. मग आपण मधलंच एक चित्र गोठवलं आणि वर्षानुवर्षं हसलो. अभिनय तिचा वाईट नाही. तिने काय हाक मारली हे ऐकायची गरज भाग बनवणाऱ्यांना वाटली नाही. म्हणून हा भाग टुकार."

संतोषदादा पुढे झुकले. थट्टा त्यांच्या आवाजातून गेली होती. "पण आवाज काढून टाकला हे तुला कसं माहीत? आणि काय हाक मारली होती तिने?"

"काय हाक मारली ते मलाही माहीत नाही," तरन्नुम म्हणाली, आणि ते खरं होतं. घरी तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मला माहीत आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. अम्मी उभी होती. पिशवी खुर्चीवर ठेवून तिने पदर सारखा केला.

"मी बेगम. हिची आई. तो पुठ्ठा माझा आहे," तिने पुतळ्याकडे बोट केलं. "म्हणजे मीच आहे ती."

वेदिकाच्या हातातला रिमोट टेबलावर आपटला.

"डायरेक्टर म्हणाला, तुमचं लेकरू चाललंय, हाक मारा. मी विचारलं, काय नावाने? तो म्हणाला, काहीही ओरडा, आवाज आम्ही नंतर टाकू. मला काहीही कसं ओरडता येईल? लेकराचं नाव काहीही असतं का? तिथे उन्हात पाय भाजत होते. हिची परीक्षा होती त्या दिवशी, गणिताची. माझा सगळा जीव तिकडे. मग मी हिलाच हाक मारली."

आणि अम्मीने तिथेच, दोन टेबलांच्या मधल्या जागेत, हात पुढे केला आणि हाक मारली.

"तन्नू! इधर आ, बेटा!"

तो आवाज तरन्नुमने जन्मभर ऐकला होता. जेवायला बोलावताना, गल्लीतून घरात बोलावताना. पण असा कधीच नाही. ती आपोआप एक पाऊल पुढे सरकली.

मग संतोषदादा पुतळ्यापासून दूर झाले आणि सरळ अम्मीसमोर येऊन उभे राहिले. कान लाल झाले होते.

"काकू, मी काय काय बोललो..."

"अभिनयाबद्दल बोललात ते चूक होतं," अम्मी म्हणाली. "माझं काम चांगलं होतं. तो सीन झाल्यावर तिथल्या लाइटवाल्याने डोळे पुसले होते, मी पाहिलंय. पण भाग वाईट आहे हे बरोबर. मत देताना माझी भीड ठेवू नका. मी आहे म्हणून त्याला वाचवलंत तर मला राग येईल."

वेदिकाने घसा साफ करून हात वर करायला सांगितले. 'सासरचा ग्रह'साठी थोडे हात वर आले. 'निळं पाणी'साठी हातांचं रानच उगवलं, आणि त्यात सगळ्यात मागे, सगळ्यात ताठ, अम्मीचा हात होता. संतोषदादांनीही आपला हात वर केला. स्वतःच्याच विरुद्ध मत देणारा माणूस त्या मंडळींनी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर तरन्नुमचं अभिनंदन करायला कुणी आलंच नाही. सगळे अम्मीभोवती जमले. रंग कशाने काढला, कप्तानबाई खऱ्या कशा आहेत, तळ्यात खरंच पाणी होतं का? अम्मी चहाचा कप हातात धरून एकेकाला उत्तरं देत होती. तळं म्हणजे प्लास्टिकचा कागद होता आणि कप्तानबाईंना उन्हाने चक्कर आली होती, हे कळल्यावर संतोषदादांनी कपाळाला हात लावला. पुतळा तेवढ्यात वेदिकाने गुपचूप आतल्या खोलीत नेला. ते अम्मीने पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "राहू दे गं तिथेच! बाही फक्त उलटी छापलीय."

तरन्नुम काउंटरला टेकून उभी राहिली. जिंकल्याचा आनंद होताच, तो तिने नाकारला नाही. युक्तिवाद तिचा होता आणि तो उभाही राहिला होता. पण माळावर कुणाला हाक मारली होती ते आईने इतकी वर्षं सांगितलं नव्हतं आणि आज भरल्या कॅफेत सांगितलं, याचं तिला जास्त नवल वाटत होतं.

परतताना दोघींनी रिक्षा केली. अम्मी खुशीत होती. गंगापूर रोडचा सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू? मला विचारशील तर सगळ्यात बेकार भाग दुसराच आहे. तो दोन कप्तानांचा."

"'जुळी कप्तान'? अम्मी! तो तर पहिल्या पाचांत येतो!"

"कसला पहिल्या पाचांत. खरी कोण, खोटी कोण, ते पहिल्याच मिनिटाला कळतं. साडीवरून."

"साडी मुद्दाम वेगळी ठेवलीय! तीच तर गंमत आहे त्यातली. तुला कळलाच नाही तो भाग."

"मला कळला नाही? पंचवीस वर्षं साड्या बघतेय मी."

पुढून रिक्षावाल्याने आरसा जरा फिरवला. "मावशी बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "मी लखन. मीपण बघतो ती सिरीयल. तो भाग लय बोगस हाय."

"तुम्ही पुढे बघून चालवा," तरन्नुम म्हणाली आणि सीटवर पुढे सरकली. "आणि बोगस का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगा."

सिग्नल सुटला. लखनने पहिला मुद्दा मांडला. इंदिरानगर अजून बरंच लांब होतं.