काठोकाठ भरलेला प्याला

मी एक जुना, तांब्याचे टाके पडलेला चहाचा प्याला आहे. मला कान नाही, बशी नाही. निळ्या अंगावर कापसाची पांढरी बोंडं तेवढी आहेत. आणि मित्रांनो, खरं सांगतो, सध्या मी जिथे राहतो त्या जागेची मला किळस येते.

माझा जन्म कारखान्यातला, पण मी वाढलो मार्गिलानच्या चहाखान्यात. तिथे तुतीच्या सावलीत मी या हातातून त्या हातात फिरायचो. एकदा फुटलो, तर एका म्हाताऱ्या कारागिराने तारेचे टाके घालून मला जोडलं. पाहुण्याला मला नेहमी अर्धाच भरून देत. अर्धा प्याला म्हणजे ‘बसा, अजून घ्या’. काठोकाठ भरला, की पाहुण्याने समजायचं, आता उठावं.

पुढे चहाखाना बंद पडला आणि ताश्कंदच्या या महागड्या हॉटेलाने मला आणलं. माझे टाके पाहून मालक नुसता ‘वा, वा’ करत होता. पण इथलं खाणं! शी! चमचाभर पुलाव, त्यावर हिरवट फेस, कुणी थुंकून गेल्यासारखा. वाढपी मटणाच्या एका तुकड्याची कुळकथा सांगत बसतो, तोवर त्यावरची चरबी थिजून जाते. माझ्यात तर एकदा गाजराचा धूर भरला होता. धूर!

त्या दिवशी सौदात-अपा आली. शिवणकाम करून एकटीने मुलाला वाढवणारी बाई. मुलाच्या सोयरिकीसाठी मुलीचे आईवडील येणार होते. त्यांचा मान राहावा म्हणून मुलाने हट्टाने इथलं टेबल घेतलं होतं; स्वतः मात्र रीतीप्रमाणे तो घरीच थांबला होता. आमच्याकडे दोन्हीकडच्या मोठ्यांनी मिळून अख्खी रोटी मोडली, की सोयरीक पक्की. अपाने घरी भाजलेली रोटी फडक्यात बांधून आणली होती. दरवानाने ती दारातच काढून घेतली. “बाहेरचं खाणं आत चालत नाही.” अपा बिचारी लाजेने मान खाली घालून टेबलाशी येऊन बसली.

मग मुलीचे वडील, बस चालवणारे हमदम-अका, आणि त्यांची बायको रोबिया आले. टेबलावर सुरीने कापलेले रोटीचे बोटभर तुकडे होते.

“हे खायचं, की याने दात कोरायचे?” अका पुटपुटले.

“हळू बोला हो! ऐकतील ना.”

अका अख्ख्या रोटीची वाट बघत होते. ती काही येईना. घरी त्यांची मुलगी मोहिरा फोनपाशी बसून होती. अकांचा चेहरा उतरत चालला.

तेवढ्यात काळे हातमोजे घातलेला वाढपी आला. त्याने मला अकांपुढे ठेवलं आणि काठोकाठ भरलं. अरे मेल्या!

अका उठलेच. “चल रोबिया. रोटी नाही, आणि वर भरला प्याला. एवढं कळतं आम्हाला. नकोच होतं, तर घरी सांगायचं. इथवर बोलावून कशाला?”

अपा पांढरीफटक पडली. मग तिचं डोकंच सणकलं. तिने मला उचललं आणि सगळा चहा त्या फेसाच्या ताटलीत ओतला. वाढप्याच्या हातातली किटली ओढून मला अर्धा भरलं, आणि छातीवर हात ठेवून अकांपुढे धरलं.

“अका, पाया पडते, बसा. माझी रोटी या मेल्यांनी दारात अडवलीय.”

“बाई, किटलीला पाहुण्यांनी हात लावायचा नसतो,” वाढपी म्हणाला.

“तू गप रे! पाहुणे उठवायला निघालास, आणि मला शिकवतोस?”

ती तरातरा दाराशी गेली आणि रोटीचं फडकं घेऊन आली. अकांनी माझ्यातला चहा संपवला, मला पुन्हा तिच्यापुढे केलं. तिने मला पुन्हा अर्धाच भरलं. मग दोघांनी रोटी धरली आणि मोडली. रोबियाने डोळे पुसत फोन लावला, “मोहिरा, ठरलं गं!”

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात जपून ठेवू नका. फुटलो तर टाके घाला. पण दारी आलेल्या माणसाला मला अर्धाच भरून द्या. आज पुन्हा कुणाचे तरी पाहुणे येऊन बसलेत, आणि ते काळे हातमोजे किटली घेऊन माझ्याकडेच येताहेत.