कट्ट वाजला की भरा

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे जयराम तात्यांच्या तोंडात समोरासमोर येणाऱ्या दोनच दाढा उरल्या होत्या. त्या दाढांवर निफाडकडच्या आमच्या अख्ख्या वस्तीचा गहू चालायचा. तात्यांनी दाणा चावायचा, कट्ट वाजलं की म्हणायचं, "भरा!" मगच लोक कोठ्या भरायचे. तात्यांनी भरा म्हटलेल्या गव्हाला कधी बुरशी लागली नाही, की वास आला नाही.

पण यंदा त्या दाढाही हलायला लागल्या. माझा नवरा धम्मपाल सातपूरला कंपनीत आहे. त्याने तात्यांना इंदिरानगरच्या दवाखान्यात नेलं, त्या काढल्या आणि वर-खाली नवी कवळी बसवून आणली. तात्या एवढे देखणे दिसायला लागले आणि आरशापुढून असे हलेनात की सासूबाई भिमाबाई म्हणाल्या, "आता आरसा फोडतेच मी!"

गहू काढायला आला आणि नेमका अवकाळी पाऊस पडला. ओला गहू वस्तीने विहारापुढच्या सिमेंटच्या अंगणात वाळत घातला. चार घरांचे चार ढीग. आम्ही बाया दिवसभर पायाने गहू वरखाली करायचो. तिकडे भीमजयंती तोंडावर आलेली. मांडव त्याच अंगणात पडायचा, आणि जयंतीच्या कमिटीत धम्मपाल सगळ्यात उतावळा.

"तात्या, बघा बरं एकदा," तो म्हणाला. "मांडववाले खोळंबलेत."

सगळे गोळा झाले. तात्यांनी आमच्या ढिगातला दाणा तोंडात टाकला. कट्ट! लांबपर्यंत ऐकू गेलं. "भरा!" तात्या म्हणाले. बाकीच्या तिन्ही ढिगांनाही तेच. लोक पोत्यांकडे धावले.

मला मेलीला सवय वाईट. कुणी काही म्हटलं की आपण स्वतः बघायचंच. मी ढिगाच्या तळातून दाणा काढून चावला. तो दाढेखाली मच करून चपटा झाला. दुसरा घेतला, तोही तसाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. असला ओलसर गहू कोठीत गेला असता तर वर्षाची भाकरी नासली असती, आणि एका घराची नाही, चार घरांची. वर नाव कुणाचं? तात्यांचं.

मी तात्यांना कडुलिंबाखाली बाजूला घेतलं. "तात्या, खरं सांगा. गहू वाळलाय?"

तात्यांनी आसपास कुणी नाही ना, ते बघितलं. मग हळूच म्हणाले, "मला काय बी कळत नाय बाई. शेंगदाणा चाव नायतर खडा चाव, ही कवळी आपली कट्टच म्हनती."

"मग भरा कशाला म्हणालात?"

"समदे तोंडाकडं बघत व्हते ना. आता यातून बी गेलो तर मला इचारनार कोन?"

भांडायच्या तयारीने गेले होते मी. पण तात्यांचा चेहरा बघितला आणि माझा राग पार उतरला. वाईटच वाटलं.

"मला चांगल्या बत्तीस आहेत," मी म्हटलं. "कसं चावायचं ते सांगा."

"मागच्या दाढेखाली धर. दाबू नको, एकदम तोड." तात्यांनी कान माझ्या गालाजवळ आणला. मी दाणा तोडला. "मच वाजला," ते लगेच म्हणाले. कान त्यांचा पक्का होता. "अजून एक कडक ऊन पायजे."

आणि मग हा माणूस उठला, तरातरा अंगणात गेला आणि ओरडला, "थांबा रे! पोती रिकामी करा!"

"अहो तात्या, आत्ताच तुम्ही..." धम्मपालने कपाळाला हात लावला.

तात्यांनी सगळ्यांसमोर कवळी काढून हातात धरली. "म्या नाय, हिनं सांगितलं. ही लबाड हाय!" बोळक्या तोंडाने असं म्हटल्यावर एवढा हशा पिकला की मांडववालेसुद्धा बांबू टाकून हसायला लागले. "आता दाढा सुनंच्या अन् कान माझा!"

पोती पुन्हा ओतली गेली. मांडववाल्यांनी तोवर कमान उभारायला घेतली. कमिटीची माणसं निळे झेंडे बांधता बांधता आमच्याबरोबर गहू हलवू लागली. धम्मपालसुद्धा विजार दुमडून ढिगात उतरला. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पाय ठेववेना.

दुपारनंतर मी चावायला बसले आणि तात्या कान लावून.

"सुनंच्या तोंडाला कान लावून बसलाय, लाज नाय वाटत?" सासूबाई म्हणाल्या.

"जलमभर तुझ्या तोंडाला लावला, काय चांगलं ऐकू आलं?"

आमचा गहू कट्ट वाजला. दोन घरांचाही वाजला. "तापलेला भरू नका," तात्यांनी बजावलं, "कोठीत घाम सुटतो. निवू द्या." सावल्या लांब झाल्या तशा कोठ्या भरायला लागल्या, खाली वाळलेला लिंबाचा पाला घालून.

शेवटचा ढीग वाल्मीकभाऊंचा. त्यांनी ओंजळ माझ्यापुढे धरली. मी दाणा दाढेखाली घेतला आणि तात्यांना शोधलं, तर तात्या पार कमानीपाशी, झेंडा सरळ करत उभे.

"तात्या, या ना, ऐकायचंय!"

"तुला ऐकू येत नाय का?" ते वळलेसुद्धा नाहीत.

मी दाणा तोडला. कोरडा, स्वच्छ आवाज आला. माझा मलाच आला.

"भरा," मी म्हटलं.

वाल्मीकभाऊंनी तात्यांकडे बघितलंदेखील नाही. सरळ पोत्याचं तोंड उघडलं आणि पहिली पाटी ओतली. मला लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला, आणि हे मी धम्मपालला तिथल्या तिथे सांगूनही टाकलं.