पंप माझाच आहे

"थांबा, थांबा! दाबला कधी आणि ओढला कधी?"

काउंटरपलीकडच्या कंडक्टरच्या नाकातोंडातून पांढरी वाफ बाहेर पडली. विश्वासरावांनी त्याच्या हातातून दम्याचा पंप काढून घेतला, टोपण लावलं आणि पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"औषध गेलं हवेत. तुमच्या छातीत काय गेलं? काही नाही. आता पहिल्यापासून. टोपण काढा, चांगला हलवा. आधी आतला श्वास सगळा सोडा. मग ओठांनी गच्च धरा, हळू ओढायला लागा आणि ओढता ओढताच दाबा. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास सोडायचा नाही."

हे सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. आतल्या टेबलावरून दुकानाचे मालक शिवाप्पा ओरडले, "राव्रे, एका पंपाला अर्धा तास? मागं रांग लागली की हो!"

"लागू दे. स्वल्प थांबतील," विश्वासराव म्हणाले आणि त्यांनी कंडक्टरला पुन्हा पंप ओढायला लावला.

राजाजीनगरातल्या त्या औषधाच्या दुकानात ते सत्तावीस वर्षं उभे होते. गोळ्या, मलमं, बाटल्या ते झटपट देत. पंप मात्र नुसता पिशवीत घालून देणं त्यांना जमत नसे. पहिल्या खेपेला तो कुणालाच ओढता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. बँकेतला साहेब असो की भाजीवाली, पहिला फवारा हवेतच जायचा. मग ते शिकवत. निळा पंप धाप लागली की घ्यायचा. तपकिरी मात्र रोज, बरं वाटत असलं तरी, आणि त्यानंतर चूळ भरायची. निळा वरचेवर लागायला लागला तर दुकानात यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. शेवटी ते न चुकता म्हणायचे, "आणि लपवू नका. चष्मा लपवता का कधी?"

असं सगळ्या राजाजीनगराला सांगणाऱ्या माणसाने पोटच्या मुलीचा दमा दोन वर्षं लपवून ठेवला होता.

मथुराला सातव्या वर्षी दमा लागला. तिची आई कौशल्या त्याआधीच गेलेली. विश्वासरावांनी पोरीला आरशासमोर उभं करून पंप ओढायला शिकवलं. ती हट्टाने शिकली आणि पुढे झोपेतून उठूनही तिचा हात कधी चुकला नाही. शाळा झाली, टायपिंगची परीक्षा झाली, दमा आटोक्यात राहिला. मग स्थळं पाहायला सुरुवात झाली आणि विश्वासराव प्रामाणिकपणाने प्रत्येक ठिकाणी सगळं सांगत गेले. पाच स्थळं परतली.

बेंगळुरातली त्यांची मराठी घरं मोजकी. तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर इकडे आलेली माणसं, सोयरिकी अजून आपसातच चालतात. एका घरात बोललेलं आठवड्यात दहा घरांत पोचतं. सहावं स्थळ येलहंक्याचं आलं, तेव्हा विश्वासरावांनी मनाशी ठरवलं की विचारलं तर सांगू. कुणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. वेळ मारून नेली आणि वर त्याला खोटं म्हणत नाहीत अशी स्वतःची समजूतही घातली.

लग्न झाल्यापासून दर महिन्याला ते येलहंक्याला जात. पिशवीत फणसाचे गरे, चकल्या, आणि शिकेकाईच्या डब्यात तळाशी पंप. मथुरा न्हाणीघरात बादलीत नळ सोडून पंप ओढायची आणि चूळ भरून बाहेर यायची. नवऱ्यालाही, गिरीराजलाही, ठाऊक नव्हतं. तिला दिवस गेले आणि सातवा महिना लागला तशी तिची सासू सकवारबाई, तिच्या अत्ते, तिच्याच खोलीत झोपायला आली. पोटुशी पोर घसरेल म्हणून न्हाणीघराला आतून कडी लावू देईना. मागच्या भेटीत मथुरा अंगणात हळूच म्हणाली होती, "अप्पा, तपकिरी बंद आहे. वीस दिवस झाले."

विश्वासरावांनी इकडेतिकडे पाहून आवाज दाबला. "वेडी का काय तू? आपल्या राजाजीनगरातल्या डॉक्टरीण बाई काय म्हणल्या? बाळ असलं तरी बंद करायचा नाही म्हणल्या की!"

"मग तुम्हीच सांगा अत्तेंना. लपवलंय कुणी? मी का?"

रविवारी तिची ओटी भरायची होती. त्या दिवशी कार्याच्या आधीच विहीणबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं ठरवून रविवारी सकाळी ते बीटीएसच्या बसमध्ये चढले. सदऱ्याच्या खिशात निळा पंप होता. मेखरी सर्कलपासून येलहंक्यापर्यंत ते मनात वाक्यं जुळवत होते. 'विहीणबाई, माझी एक चूक झाली.' एवढ्याच्या पुढे वाक्य जाईना.

दारात सकवारबाईंनीच त्यांच्या हातातली पिशवी घेतली. थोराड अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. घरात तिचा शब्द चाले, आणि राबायची पण तीच सगळ्यांत जास्त.

"या, या, रावसाहेब. उशीर केलात. काफी घ्या आधी."

"विहीणबाई, जरा बोलायचं होतं."

"बोलू की, दिवस पडलाय अख्खा. पोरीला आई नाही, न्हाऊ मीच घालायला पाहिजे ना? पाणी निवतंय." आणि जाता जाता थांबून त्या म्हणाल्या, "तुमची पोर लई गुणाची हो. दोन वर्षांत कधी उलटून बोलली नाही. माझी लेक असती तरी एवढं करती का, देव जाणे."

झालं. कुणी तुसडेपणाने वागलं असतं, तर विश्वासराव बोलून मोकळे झाले असते. या मायेपुढे त्यांची जीभ उचलेना. ते कॉफी प्याले, पेला पालथा घातला आणि मधल्या खोलीच्या दारासमोर पुरुषांच्या जाजमावर जाऊन बसले. जेवणं झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. हा माणूस भित्रा होता, आणि ते त्याचं त्यालाही कळत होतं.

मथुरा न्हाऊन आली. दाट ओले केस पाठीवर मोकळे होते. मधल्या खोलीत तिला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि सकवारबाई निखाऱ्यांची शेगडी घेऊन आल्या. निखाऱ्यांवर त्यांनी चिमूट चिमूट साम्राणी, म्हणजे धूप, टाकली, वर टोपली पालथी घातली आणि सुनेचे केस त्या धुरावर पसरले. इकडे न्हाल्यावर असाच धूर देतात. खोली पांढुरकी झाली.

विश्वासराव अर्धे उठले. "विहीणबाई, राहू दे की ते. धूर... धूर होतोय लई."

"धूर नको तर केस कसे वाळणार हो? सर्दी झाली की बाळाला बाधतं." बायका हसल्या. "बापाचा जीव बघा कसा तुटतोय!"

ते खाली बसले. याच क्षणी सांगायचं होतं. पुढे आयुष्यभर ते हाच क्षण मोजत राहणार होते, पण तेव्हा ते नुसते खाली बसले.

हिरव्या बांगड्या भरून झाल्या. हळदकुंकू झालं. पहिल्या सुवासिनीने ओटीत तांदूळ घातले, तेव्हा मथुरा हसली आणि हसता हसता खोकली. एकदा, मग पुन्हा. विश्वासरावांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. खांदे वर चढत होते. बाकी कुणाला काही कळलं नाही. त्यांना मात्र श्वासामागे येणारी ती बारीक शीळ इतक्या लांबून, इतक्या बोलण्यातून ऐकू येत होती.

त्यांचा हात खिशात गेला. मथुराने ते पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको.

हात तसाच खिशात राहिला. सगळ्या घरात त्या पोरीला काय हवंय ते एकट्या त्यांना ठाऊक होतं, ते त्यांच्या मुठीत होतं, आणि ते बसून होते. असं बसणं कुणा वैऱ्यावरही येऊ नये.

दुसरी सुवासिनी आली, तिसरी आली. मथुराने खुर्चीचे हात धरले आणि ती पुढे वाकली. "काय गं, घाबरं होतंय का?" सकवारबाईंनी विचारलं. मथुराने बोलायला तोंड उघडलं. "पा..." एवढंच आलं. पाण्याचा तांब्या आला, पण पिता येईना. कुणी दृष्ट लागली म्हणालं, कुणी पदराने वारा घालायला लागलं, आणि दहा बायकांनी तिला घेरून उरलीसुरली हवाही अडवली. गिरीराज रिक्षा आणायला धावला.

"अय्यो, ओठ बघा पोरीचे!"

विश्वासराव बायकांच्या घोळक्यात घुसले. आताही खरं बोलता आलं असतं. पण सवय वाईट.

"मला दमा आहे, विहीणबाई. हा पंप माझाच आहे. एकदा ओढू दे तिला, बरं वाटंल."

"तुमचा?" सकवारबाईंनी पंपाकडे पाहिलं. "भलतंसलतं औषध पोटुशीला? कसलं आहे ते?"

"काही होत नाही. बघा, मी घेतो की." आणि स्वतःचं खोटं खरं करायला त्यांनी पंप तोंडात धरून दाबला. सत्तावीस वर्षं लोकांना शिकवलेला पंप त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ओढला होता. श्वास सोडायचा राहिला, हलवायचा राहिला. जिभेवर कडू फवारा बसला, ठसका लागला आणि नाकातोंडातून पांढरी वाफ बाहेर आली. त्या दोन-तीन क्षणांची लाज त्यांना पुढे कधी झटकता आली नाही, कारण पोरीचे ओठ काळे पडत असताना त्यांनी ते क्षण स्वतःची लाज राखण्यात घालवले होते.

मथुराने त्यांच्या हातातून पंप ओढून घेतला. तोंडाचा भाग पदराने पुसला. चार वेळा हलवला. ताठ बसून होता नव्हता तेवढा श्वास सोडला, पंपाभोवती ओठ घट्ट मिटले, ओढत ओढत दाबला आणि डोळे मिटून थांबली. वाफेची एक रेघ बाहेर आली नाही. मिनिटभराने पुन्हा हलवला, पुन्हा घेतला. मग तिने टोपण लावलं आणि पंप सरळ आपल्या कमरेला खोचला.

हळूहळू तिचे खांदे खाली आले. शीळ बारीक झाली.

सकवारबाईंनी बापाकडे पाहिलं नाही. त्या सुनेसमोर बसल्या. "किती वर्षं गं?"

"सातव्या वर्षापासनं, अत्ते."

"आणि इथं? कुठं घेत होतीस?"

"न्हाणीत."

सकवारबाई उठल्या. ती तापलेली शेगडी त्यांनी नुसत्या पदराने धरून उचलली, मागच्या अंगणात नेली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. परत आल्या तेव्हा त्यांचा तो मोठा आवाज पार उतरला होता.

"माझ्या हातनं धूर दिला तिला मी," त्या विश्वासरावांना म्हणाल्या. "माझ्या ह्या हातनं. आणि तुम्ही बघत बसला होता की हो तिथं."

"विहीणबाई, भीती वाटली. परत पाठवाल म्हणून..."

"पाठवलीही असती. दोन वर्षांमागं कळलं असतं, तर करूनच घेतली नसती मी. खोटं कशाला बोलू?" त्यांनी डोळे पुसले. "पण मारली नसती."

रिक्षा आली. गिरीराज आणि सकवारबाई मथुराला दवाखान्यात घेऊन गेले. विश्वासरावांना रिक्षात बसायला कुणी नको म्हटलं नाही आणि बसा असंही म्हटलं नाही. ते अंगणात उभे राहिले. दीड तासाने तिघं परतली. इंजेक्शन दिलं होतं, बाळाचे ठोके नीट होते, तपकिरी पंप आजपासून पुन्हा सुरू करायला सांगितला होता. उरलेल्या सुवासिनींनी ओटी भरली. पानं मांडली, विश्वासरावांना आग्रह करून वाढलं आणि ते जेवले.

निघताना ते दाराशी थांबले. रीतीप्रमाणे विचारायला हवं होतं, म्हणून त्यांनी विचारलं.

"आठवडाभरानं न्यायला येऊ का तिला? पहिलं बाळंतपण माहेरी..."

"नको," सकवारबाई म्हणाल्या. त्या रागाने बोलल्या नाहीत. "इथंच होऊ दे. तुमच्याकडं पाठवायला जीव होत नाही माझा."

दोन वर्षं ज्या माणसाचा जीव मुलीला परत पाठवतील म्हणून टांगणीला लागला होता, त्याने आता आशेने मुलीकडे पाहिलं. ती एक शब्द बोलेल, माहेरी जाते म्हणेल. मथुरा खुर्चीतच होती. तिने नव्या हिरव्या बांगड्या मनगटावर मागे सारल्या.

"सरी, अत्ते," ती होकार देत म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "अप्पा, बस मिळेल ना तुम्हाला?"

"मिळेल की," विश्वासराव म्हणाले.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. मथुरा येणार म्हणून तिथे दोन महिने आधीच चुना दिला होता, तिला वास बाधू नये म्हणून. रोज सकाळी खिडक्या उघडून ते जायचे. वास आता पार गेला होता. कापसाची गादी नको म्हणून नवी कोरी चटई आणून भिंतीला उभी केली होती. रस्त्यावरून धूळ येत होती. त्यांनी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.