मष्णूच्या अंगाखालचा वाघ

मी जमखाना. सुती, जाड, एक पोर निजेल एवढाच. घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा जरा गप.

खानापूरच्या सोनुबाईनं मला विणलं, एकोणऐंशी साली. उभा माग, तांबडं-काळं सूत आणि लोखंडी पंजा. एकेका ओळीला त्या पंजाचा दणका खाल्लाय मी. कडेनं चौपटाची घरं, कोपऱ्यांत पोपट, मधोमध वाघ. लेकीच्या पहिल्या पोराला असा जमखाना द्यायचा आणि पोराचं जावळ निघेस्तोवर त्याला पाणी लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. धुतला की आजोळची माया वाहून जाते म्हणे. माया काय कच्चा रंग आहे? पण मला कोण विचारतंय!

लेक तानीबाई मला आणि तान्ह्या मष्णूला घेऊन निपाणीला सासरी आली. तिसऱ्या महिन्यातच तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. तिथं बायका दिवसभर तंबाखू चाळतात. भिंतीकडेला मी, माझ्यावर मष्णू. भुकटी उडायची आणि माझ्यात येऊन बसायची. दिवस मावळला की बायका पदर झटकून, तोंडं धुऊन घरी जात. मी तसाच. घरीही मष्णूचं तोंड माझ्यातच खुपसलेलं.

पुढं त्याला खोकला लागला. मग श्वासाला शिट्टी आली. मला सगळं कळत होतं. त्याच्या छातीला लागून मीच तर होतो.

शेजारची मालुबाई डोकावली. "अगं तानी, वाघावर निजवतीस व्हय पोराला? त्योच बसलाय की छातीवर!"

मष्णूचा बाप कृष्णात उखडला. "डाक्टरनं औषध दिलंय न्हवं? वाघ काय घेऊन बसलाय! धुवा तरी त्यो एकदा, बिडीगत वास मारतोय."

"जावळ निघूस्तवर न्हाय," तानीबाई म्हणाली. "आईला निरोप धाडते."

सोनुबाई आली. मला वाटलं, सुटलो. जिनं विणलं तिला तरी वास येईल. पण ती जन्मभर मिश्री लावणारी बाई. तंबाखूचा वास तिला वासच वाटेना.

"माझाच हात चुकला गं," म्हणत तिनं मष्णूला मांडीवर घेतलं आणि कात्रीनं वाघ उसवायला लागली. ठोकून बसवलेलं सूत ते, सुटतंय कुठं? ती ओढायची, झटकायची, जमिनीवर आपटायची. तीन महिन्यांची भुकटी दारातल्या उन्हात पिवळी उभी राहिली. मष्णू खोकून खोकून ओठाला निळा पडला.

"आई, थांब गं!" तानीबाई ओरडली.

"थांबवू नगंस मला," सोनुबाई म्हणाली. "जातोय बघ! जाताना तरास देणारच त्यो."

वाघ चुलीत गेला. माझ्या मधोमध आता नुसते उभे धागे उरलेत, बाकी अंगात भुकटी तशीच. मष्णू दमून गप्प पडलाय आणि घरात सगळ्यांना वाटतंय, उतार पडला. जावळ दसऱ्याला आहे. त्याला अजून दोन महिने.

तुमच्यापैकी कोणी त्या घरी जाणार असाल तर रीतीबितीवर वाद घालू नका, जमायचं नाही. मला नुसतं उचला आणि ओढ्यात टाका. दोन शिव्या बसतील, त्या खा. पण आज जा.

तानीबाईनं आत्ताच मला अंथरलंय. बिनघोर झालीय बिचारी. मष्णूला तिनं पालथं घातलंय, तोंड माझ्यात.